हो म्हटलं का त्यानं?

फोटो पुसायच्या आधी इंदूबाई त्या फोटोला विचारत. हातात ओला फडका, पदर कमरेला खोचलेला, आणि भिंतीवरच्या कुण्या परक्या म्हाताऱ्यापुढे उभं राहून म्हणत, "पुसू का?" मग थांबत. इतका वेळ थांबत की बघणाऱ्याला वाटावं, आता खरंच उत्तर येतं. कधीकधी त्या मान हलवून फडका बाजूला घेत आणि पुढच्या फोटोकडे जात. तो म्हातारा त्या दिवशी तसाच धुळीत राहायचा.

मी हसायची. पहिल्या-पहिल्यांदा हसायची, असं म्हणा.

आर्वीला बाजाराच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ आणि त्याला लागून माझं शिवणकामाचं दुकान. मध्ये विटांची एकच भिंत. माझ्या मशीनचा आवाज तिकडे जायचा, त्यांचा खोकला इकडे यायचा. त्यांचे मालक नारायणराव फार नामांकित फोटोवाले. नव्वद सालाच्या पुढेमागे ते वारले, तशी कॅमेऱ्यावर काळी चादर पडली ती पडलीच. पण इंदूबाईंनी दुकानाचं शटर कधी बंद ठेवलं नाही. फोटोला फ्रेम बसवून देत. न्यायला न आलेल्या फ्रेमा भिंतीवर टांगत, आणि त्यांच्याशी असं बोलत.

माझ्या दारातल्या कढीलिंबाची पानं रोज घ्यायच्या. रोज विचारायच्या. मी एकदा वैतागले.

"अहो, घ्या ना! काल हो म्हटलं, परवा म्हटलं. रोज काय विचारता?"

"कालचं हो कालचं होतं, सुमन. आज तुह्या मनात काय हाय, मले काय मालूम?"

उंच, किडकिडीत बाई. नाकात खड्याची चमकी. आणि डोळे... डोळ्यांचं कसं सांगू? मोठे, पाणीदार होते, ते तर झालंच. पण त्यांनी मान वर करून बघितलं की वाटे, आपण कुठून तरी फार लांबून आलो आणि आता घरी पोचलो. दोन पावलांवरच्या दुकानातून गेले तरी मला असंच वाटे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. इंदूबाईंचा भाचा प्रमोद नागपूरला कंपनीत होता. दिवाळीत आला आणि स्टुडिओतल्या निगेटिव्हच्या पेट्या बघून त्याचे डोळेच फाटले. म्हणाला, "आत्या, आमची एक वेबसाइट हाय. कोणाची मालकी नाई, सगळे लोक मिळून बनवून राह्यले. गावोगावचे जुने फोटो टाकतात. तुह्याजवळ तर खजिनाच हाय वो!"

टाकायचं तर परवानगीचं पत्र लागे. ते त्यानं छापून आणलं होतं. मी चौथी पास, बाकी सारं पुडीचे कागद वाचून-वाचून शिकलेली. पण इंदूबाईंना बारीक अक्षर दिसत नसे म्हणून मीच वाचलं. कोणीही, कुठेही, कशासाठीही हे चित्र वापरावं. हवा तो बदल करावा. या चित्रात दुसऱ्या कोणाच्या चित्राचा भाग घेतलेला नाही, असं मी जाहीर करतो. ही परवानगी कायमची आहे, दिल्यावर परत घेता येणार नाही.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या. मी तीनदा वाचलं.

"कायमची?"

"हो आत्या."

"परत नाई?"

"नाई."

"म्हंजे पोरगी देल्यासारखंच झालं. मंग पोरीले विचारा लागते ना?"

प्रमोद हसला. "आत्या, निगेटिव्ह तुह्याजवळ, स्टुडिओ तुहा. तू एक सही कर न मोकळी हो."

"फोटो ज्यानं सांगून काढवला त्याचा. चेहरा ज्याचा हाय त्याचा. हो म्हटलं का त्यानं? तू आपल्या कानानं आइकलं का?"

बस, हे त्यांचं वाक्य. पुढची तीन-चार वर्षं मी हे इतक्यांदा ऐकलं, की मशीन चालवतानाही त्याच ठेक्यात पाय पडायचा.

मग आम्ही निघालो. आठवड्यातून एक दिवस, एसटीनं. पिशवीत फोटो, फॉर्म, शाईचं पॅड आणि त्यांचा जांभळा पेन. निगेटिव्हच्या पाकिटावरचं नाव-गाव बघून घर शोधायचं, फॉर्म वाचून दाखवायचा, अन् "हो का नाई" विचारायचं. तेही तीनदा. तिसऱ्या खेपेला माणूस जरा चाचरला तरी त्या पाकीट बंद करत आणि वर लिहीत, "विचारलं. नाई म्हणते."

आंजीचा एक किराणावाला आठवतो. त्याच्या बापाचा ऐन तिशीतला फोटो होता. फॉर्म ऐकून म्हणतो, "बदल करता येते म्हणता ना बाई? मंग माह्या बाच्या मिशा मोठ्या करा, तवाच सही."

इंदूबाई म्हणाल्या, "मिशा त्यायच्या. त्यायले विचारलं का?"

तो गल्ल्यामागून उठला, आत जाऊन भिंतीवरच्या बापापुढे उभा राहिला. चांगला दोन मिनिटं. बाहेर आला तो चेहरा पडलेला. "राहू द्या. लहानच बऱ्या."

वेबसाइटवाल्यांनी पुढे कायदा जाणणाऱ्यांना विचारलं, तर त्यांचंही म्हणणं बहुतेक इंदूबाईंसारखंच निघालं. तेव्हापासून वर्धा जिल्ह्यातून कोणीही काही टाकलं की परवानगी तपासायचं काम या बाईकडे. प्रमोद त्या फोटोंचे छापील गठ्ठे पाठवी. स्टँडजवळच्या नेट कॅफेत बसून मी एका बोटानं उत्तरं टाइप करी. एकानं भंगारात सापडलेला लग्नाचा अल्बमच टाकला होता. इंदूबाईंनी त्यावर जांभळ्या शाईनं लिहिलं, "विचारलं नाई." आणि तो काढायला लावला. लोक चिडायचे. "फोटोच त हाय, बाई, कोणाची जमीन त नाई घेतली!" त्या आपल्या पुढचा कागद ओढत.

आता सगळ्यांहून वेगळ्या चाळीस फोटोंचं सांगते.

पूर्वी खेड्यात माणूस जन्मभर कॅमेऱ्यापुढे बसतच नसे. मग मेल्यावर घरच्यांना आठवे. जीप नाहीतर बैलगाडी घेऊन कोणी धावत येई, "नारायणराव, चला, फोटो राह्यला!" मढ्याला खुर्चीत बसवायचं, पाठीमागून लुगड्यानं बांधायचं, मान भिंतीला टेकवायची. डोळे तर मिटलेले. पण आठ दिवसांनी फ्रेम घरी जाई तेव्हा ते उघडे असत. लोक म्हणत, फोटोवाल्याच्या हातात जादू आहे, ब्रशनं डोळे उघडतो. अशा चाळीस फोटोंचं वेगळं खोकं होतं, त्यावर लिहिलेलं, 'शेवटचे'.

खरं सांगते, असा फोटो असलेल्या घरांमध्ये मला बसवत नसे. चहा घेताना पाठीवर काहीतरी येई. वळून बघावं तर हार घातलेली कोणीतरी म्हातारी आपल्याकडे बघते आहे. अनोळखी नाही वाटायची, हेच वाईट. एका घरी एक आजीबाई इंदूबाईंना टक लावून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, तुले मी रोज पाह्यतो. पण कुठं पाह्यतो, थेच ध्यानात येऊन नाई राह्यलं." आणि बोलता बोलता त्यांची मान आपोआप भिंतीकडे वळली.

रोहण्याला वेणू म्हणून एक बाई होती. रोजानं कापूस वेचायला जाणारी, एकटी. तिची आई ती दहा वर्षांची असताना गेली, आणि आईचा हा एवढा एकच फोटो. वेणूनं तीनही वेळा "हो, हो, हो" म्हणून अंगठा दिला. कारण तिचा भाऊ सुरतला गेला होता तो बारा वर्षं आला नव्हता. तिला आशा, तो कुठंतरी आईला बघेल. झालंही तसंच. फोटो लागल्यावर कोणी त्याला सांगितलं की तिथं संगणकावर आई दिसते, आणि त्यानं ती बघितली. बारा वर्षांत पहिल्यांदा शेजाऱ्याच्या फोनवर त्याचा आवाज आला, म्हणे नुसता रडत होता. दिवाळीला येतो म्हणाला.

त्यानंतर महिन्या-दीड महिन्यानं डबा सापडला.

दुपारची वेळ. डार्करूमच्या वरच्या फळीवरचं एक जुनं खोकं काढलं, त्यामागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. मीच उघडला. आत फोटोच फोटो. एकाच तरुण बाईचा चेहरा, कुठं तळहाताएवढा, कुठं बोराएवढा. कुठं मान डावीकडे, कुठं उजवीकडे. आणि प्रत्येकात डोळ्यांच्या जागी दोन भोकं. कात्रीनं नीट, नखाएवढी कापलेली.

माझ्या हातून डबा निसटला. खाली पडले ते सगळे चेहरे वर तोंड करून पडले.

"सुमन, कोण हाय हे?"

मी एक उचलला. "चमकी... चमकी तुमचीच हाय."

इंदूबाई खालीच बसल्या. मग बोलू लागल्या, ते माझ्याशी नव्हतंच. "नवीन लग्न होतं. गिऱ्हाईक नसलं का मले स्टुलावर बसवत. म्हणत, इंदू, अशी पाह्य. आता थोडं दूर पाह्य. आता घरचं कोणी लई दिवसानं दारात येऊन राह्यलं, तसं पाह्य. मले वाटे, किती हौस हाय यायले माही! पण फोटो कधी दाखवला नाई. मागितला का म्हणत, बिघडला."

मग त्यांनी एक गोष्ट केली. 'शेवटचे'च्या खोक्यातून वेणूच्या आईचा फोटो काढला, त्यावर तो भोकांचा चेहरा ठेवला, आणि हळूहळू सरकवू लागल्या. जरा वर, जरा डावीकडे. एका जागी तो बसला. खालचे डोळे भोकांतून वर आले, आणि एकदम एक वीस वर्षांची मुलगी आमच्याकडे बघू लागली. घरचं कोणी लई दिवसांनी दारात आलंय, अशी.

मी मागे सरकले. इंदूबाई मात्र तिच्याकडे बघत म्हणाल्या, "मले विचारलं नाई. एकदाही नाई."

संध्याकाळपर्यंत चाळीसही पाकिटांवर त्यांनी जांभळ्या पेननं तेच दोन शब्द लिहिले, "विचारलं नाई." नवऱ्याच्या कामावर. फॉर्मातली ती ओळ होती ना, दुसऱ्या चित्राचा भाग नाही, तिच्यावर त्यांनी वेणूचा अंगठा घेतला होता. खोटा घेतला होता. मला म्हणाल्या, "प्रमोदले कळव, वेणूच्या मायचा काढाले सांग."

प्रमोदनं फोनवर डोकं धरलं असेल. "आत्या, कोणाले समजते? चाळीस वर्षं झाली, मामा गेले..." इकडून एकच, "हो म्हटलं होतं का म्या?" शेवटी काढला त्यानं.

आठ दिवसांत आम्ही रोहण्याला. वेणू दारातच उभी होती.

"काकू, भावाचा फोन आलता. म्हणे माय दिसत नाई आता. काऊन काढली? म्या हो म्हटलं होतं ना, तीनदा!"

इंदूबाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. आडवळण त्यांना जमत नसे. "वेणू, तुह्या मायचे डोळे मिटेल होते. फोटोत उघडे हायेत थे माहे हायेत. माह्या मालकानं कापून लावले."

वेणूनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग परत त्यांच्याकडे. मला वाटलं, आता शिव्या देते. तर ती उठली आणि फोटोपुढे जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून.

"परत न्याले आली का?"

"नाई वो माय. विचाराले आली. तुले चालते का, हे विचाराले."

"मले?" वेणू म्हणाली. "शाळेतून येऊन दारात उभी राहो, तवा घरात कोणीच नसे. थेच पाहे माह्याकडं. आली का पोरी, असं. मले काऊन नाई चालन?" मग आवाज उतरवून, "तुले इचारलं होतं का तुह्या मालकानं?"

"नाई."

"मंग मी इचारतो. राहू देतं का तुहे डोळे माह्या मायजवळ?"

इंदूबाई थांबल्या. फोटो पुसण्याआधी थांबत तेवढ्या, त्याहूनही जास्त. बाहेर शेळी ओरडली, चुलीवरचं पाणी उकळून ओतू गेलं, कोणी हललं नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

"कायमचे?" फॉर्म ऐकून वेणूही शहाणी झाली होती.

"कायमचे."

पाकिटावरचे जुने दोन शब्द त्यांनी खोडले आणि खाली लिहिलं, "विचारलं. दिले."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्या होत्या. गाव मागे पडलं तेव्हा उजवा डोळा चोळत म्हणाल्या, "सुमन, बाजूचं दिसून नाई राह्यलं वो. खिडकी हाय का इकडं?"

खिडकी उघडी होती. वारा त्यांच्या तोंडावर येत होता.

मी काही जोडत नाही. वर्ध्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. पुष्कळ दिवसांचा असणार, म्हणाले, कडेकडेनं नजर जाते आणि गेलेली परत घेता येणार नाही. अगदी याच शब्दांत. हे शब्द मी तीनदा मोठ्यानं वाचले होते, म्हणून मला तिथं खुर्चीतच थंडी वाजली. एवढंच सांगते.

इंदूबाई मात्र थांबल्या नाहीत. थेंब घालत, आणि घरोघर जात. तीच गोष्ट तिथं सांगत, तोच प्रश्न. एका घरानं फोटो उतरवून आमच्या हातात दिला, घेऊन जा म्हणे. बाकी बहुतेक ठिकाणी लोक आधी फोटोकडे बघत, मग कोणीतरी विचारी, "राहू देता का?" आणि त्या देत. दर गावाहून येताना त्यांचा हात माझ्या दंडावर थोडा अधिक घट्ट बसे. आधी पायऱ्या चुकू लागल्या. मग एसटीची पाटी मी वाचायची. मग माझा चेहरा त्या बोटांनी बघू लागल्या.

पंचविसाव्या की सव्विसाव्या घरानंतर मी रडले. "बस करा आता. दिवा जाऊन राह्यला तुमचा. बाकीचे राहू द्या तसेच, कोणी विचारत नाई."

"अर्ध्यायले देऊन अर्ध्यायचे काढून घेऊ?" त्या म्हणाल्या. "थे बसले हायेत ना दाराकडं पाहत."

एकच पाकीट मागे राहिलं. बसस्टँडवर मरून सापडलेली कोणी अनोळखी बाई. ओळख पटावी म्हणून फोटो काढला होता, नारायणरावांनी तिलाही डोळे लावले, तरी कोणी आलं नाही. ना नाव, ना गाव. इंदूबाईंनी ते पाकीट उशीखाली ठेवलं. "हिच्याकडून विचाराले कोणी नाई. हिचं हो कोण आइकन?" शेवटपर्यंत त्यांना उजेड-अंधार तेवढा कळायचा, दारात कोणी आलं तर सावली कळायची. मी एकदा म्हटलं, बरं आहे, एवढं तरी राहिलं. तर हसल्या. "एक द्याची राह्यली ना."

त्यांना शेवटचं मी बघितलं ते स्टुडिओत. दुपारी कढीलिंब घेऊन गेले, कारण आता त्या येऊ शकत नव्हत्या. "घेऊ का?" हे मात्र त्या रोज विचारायच्याच. काळी चादर घातलेल्या कॅमेऱ्यापुढे, त्या जुन्या स्टुलावर, पाठ ताठ करून बसल्या होत्या. मी दारात उभी राहिले तशी त्यांची मान वर झाली. दिसत काहीच नव्हतं. पण नजर तीच. लई दिवसांनी घरचं कोणी.

"कोण? तुम्ही आले का?"

"मी हाय, इंदूबाई. सुमन."

"हो का." जराही नाराज नाही झाल्या. "बस. मले वाटलं, हे आले. म्हटलं, आले असन तर विचारून घेईन."

काय विचारणार होत्या, ते मी विचारलं नाही. चार दिवसांनी त्या गेल्या, झोपेतच.

प्रमोदनं सगळीकडे फोटो शोधला. हार घालायला एक फोटो नाही, एवढ्या मोठ्या फोटोवाल्याच्या बायकोचा! होता तो बिस्किटांचा डबा. मी तो त्याला दाखवला नाही. उशीखालचं पाकीटही त्यांच्याबरोबर जाऊ दिलं. तेवढं मी कोणाला न विचारता केलं.

वेणूचा भाऊ म्हटल्याप्रमाणे त्याच दिवाळीला आला होता, तोवर आईचा फोटो वेबसाइटवर परत दिसू लागला होता. आता जगात कोणीही, कुठेही तो वापरू शकतं, बदलू शकतं, म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. मला इंदूबाईंना बघावंसं वाटलं की मी रोहण्याची गाडी पकडते. वेणू कामावर असली तरी कडी नुसती अडकवलेली असते. आत जाते, भिंतीसमोर उभी राहते, पण मान खालीच ठेवते. आधी विचारते, "पाहू का?"

आणि थांबते.